मानेतून मेंदूकडे: नेदरलँड्समधली साडेतीनशे वर्षं

दोन बोटं कंठमण्यावर ठेवा. तिथून बाजूला, मानेच्या जाड स्नायूच्या आतल्या कडेपर्यंत सरकवा. हलकंच दाबा, आणि एकाच बाजूला. ठोके लागतील. बोटाखाली आहे ती मूळ कॅरोटिड धमनी. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीला तिचे दोन फाटे होतात. बाहेरचा फाटा चेहरा, जीभ, टाळू यांना रक्त देत देत जातो. आतला फाटा, म्हणजे इंटर्नल कॅरोटिड, मानेत कुणालाच काही देत नाही. संपूर्ण मानेत तिला एकही शाखा नाही. ती सरळ वर जाते, कवटीच्या तळाशी एका हाडात शिरते आणि दिसेनाशी होते. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा सहावा-सातवा हिस्सा त्याला लागतो, आणि त्यातला मोठा वाटा उजव्या-डाव्या दोन इंटर्नल कॅरोटिड पोचवतात.

ही वाट माणसाला कशी कळली ते पाहायला तुम्हाला आम्स्टरडॅमला जायचं आहे. तारीख २९ जानेवारी १६५६.

तुम्ही नेस नावाच्या अरुंद गल्लीत उभे आहात. समोरची इमारत पूर्वी जोगिणींच्या मठाचं प्रार्थनाघर होती. आता तळमजल्यावर मांसबाजार भरतो आणि वरच्या मजल्यावर शल्यकारांच्या संघाचं विच्छेदनगृह आहे. खाली ओंडक्यांवर सुरे पडताहेत, आकड्यांना मेंढ्या टांगल्या आहेत, आणि त्यांच्यामधून वाट काढत माणसं जिन्याकडे चालली आहेत. वर जायला पैसे पडतात. तरी गर्दी आहे. जाहीर विच्छेदन हिवाळ्यातच करतात, कारण थंडीत प्रेत टिकतं, म्हणून तुम्हाला कुडकुडावं लागणारच.

याच जानेवारीत तिकडे सह्याद्रीत शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली आहे. वेंगुर्ल्याला डचांची वखार आहे, पण तिथून निघालेलं पत्र या शहरात पोचायला महिनेच्या महिने लागतात. जगाच्या या दोन टोकांना एकमेकांची खबर किती उशिरा कळते हे ध्यानात ठेवून जिना चढा. शरीरातल्या शरीरातही अशीच एक खबर कळायला माणसाला दोन हजार वर्षं लागली आहेत.

मेजावर योरिस फोंतेइन आहे. दीस्त गावचा हा माणूस कापडाच्या दुकानात चोरी करताना सापडला, अडवणाऱ्यांवर त्याने सुरी उगारली, आणि त्याला फाशी झाली. न्यायाधीशांनी देह शल्यकारांना दिला. इथल्या प्रथेप्रमाणे तो त्यांचा हक्कच. विच्छेदन करणारे डॉक्टर यान देइमन. तीन वर्षांपूर्वी, १६५३मध्ये, त्यांनी ही जागा निकोलास तुल्प यांच्याकडून घेतली. तुल्प म्हणजे रेम्ब्रांटच्या १६३२च्या चित्रातले तेच डॉक्टर. देइमनचं चित्रही रेम्ब्रांटच काढणार आहे. ते तो पायांच्या बाजूने रंगवेल: तळपाय थेट पाहणाऱ्याच्या तोंडासमोर, त्यामागे रिकामं केलेलं पोट, आणि सर्वांत मागे उघडलेली कवटी. तुम्हीही तिथेच उभे राहा.

पण आधी मानेकडे पाहा. दोराचा वळ तुम्हाला दिसेल. मघाशी तुम्ही बोटं ठेवलीत तीच जागा. फाशीच्या दोरात माणूस श्वास कोंडून मरतो असं सगळे समजतात. तो दोर गळ्यातल्या शिरा आणि दोन्ही बाजूंच्या कॅरोटिडही दाबतो, मेंदूचं रक्त थांबतं आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. ज्या धमनीचा शोध घ्यायचा, तिच्याच वाटेने योरिसचा जीव गेला आहे.

पहिल्यांदा पोट उघडतात, कारण ते सगळ्यांत लवकर सडतं. मग छाती. डोक्याची पाळी शेवटी येते. करवतीचा आवाज तुम्हाला फार वेळ ऐकावा लागेल. कवटीचं हाड जाड असतं. टोपण निघालं की ते हेइस्बर्ट काल्कून नावाचा शल्यकार हातात धरतो. चित्रात तो ते धरून खाली बघत उभा आहे, आणि त्याच्या तोंडावरचा तो गंभीर भाव मला प्रत्येक वेळी थांबवतो. देइमन मेंदूच्या दोन अर्ध्यांमधला आवरणाचा पडदा चिमट्याने उचलताहेत. आज तुम्ही आम्स्टरडॅमच्या संग्रहालयात हे चित्र पाहिलंत तर देइमनचे हात दिसतील, धड दिसेल. चेहरा दिसणार नाही. १७२३च्या आगीत चित्राचा बराच भाग जळाला आणि उरला तो मधला तुकडा. डॉक्टरचं तोंड गेलं, फाशी गेलेल्या माणसाचं राहिलं. मला यात काही चुकलं असं वाटत नाही.

आता १६५६ साली या खोलीत बसलेल्या शिकल्या-सवरल्या माणसांना काय माहीत आहे ते पाहा. रक्त शरीरात फिरतं हे हार्वेने २८ वर्षांपूर्वी मांडलं. त्याचं पुस्तक १६३९मध्ये लायडनला छापून निघालं आहे. लायडनमध्येच फ्रान्सिस्कस सिल्व्हियस हा तरुण डॉक्टर रक्ताभिसरणाचे प्रयोग विद्यार्थ्यांना करून दाखवत असे; सध्या तो याच आम्स्टरडॅममध्ये रुग्ण तपासतो आहे. मेंदूच्या बाजूला जी खोल खाच असते तिचं वर्णन त्याच्या नावाने १६४१च्या एका लायडनी पाठ्यपुस्तकात आलं. पुढे कळेल की इंटर्नल कॅरोटिडची सर्वांत मोठी शाखा नेमकी त्या खाचेतूनच धावते.

आणि एक जुनी चूक अजून मरायची आहे. गॅलेनने दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं की कॅरोटिड मेंदूच्या तळाशी पोचली की तिचं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं होतं, आणि त्या जाळ्यात साधं रक्त गाळून बुद्धीला चालवणारं सूक्ष्म तत्त्व तयार होतं. ते जाळं त्याने खरोखर पाहिलं होतं. फक्त बैलात आणि मेंढीत. माणसात ते नसतं. इटलीत बेरेंगारिओने १५२२मध्येच ते सापडत नाही असं सांगितलं, १५४३मध्ये ब्रसेल्सच्या व्हेसालियसने त्याला पुष्टी दिली, तरी पुस्तकातून ते हटता हटेना. इथे उभं राहून मला सारखं वाटतं की पुरावा तर या एकाच इमारतीत आहे. खाली आकड्याला लटकणाऱ्या मेंढीच्या डोक्यात जाळं आहे. वर मेजावरच्या माणसात नाही. मधला जिना चढून दोन्ही डोकी शेजारी शेजारी ठेवली की वाद मिटतो.

मेंदू बाहेर काढताना तळाशी सुरी जिथे फिरते तिथे नजर ठेवा. डोळ्यांच्या दोन नसा एकमेकींना ओलांडतात, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तुटलेलं गोल तोंड दिसेल, जेमतेम चार मिलिमीटर रुंद. तिथे इंटर्नल कॅरोटिड हाडातून बाहेर येऊन मेंदूला भेटते. गर्दीचे डोळे मेंदूच्या वळ्यांवर असतात. तुम्ही त्या दोन भोकांकडे बघा, कारण वळ्यांचं सगळं जगणं तिथून येतं.

दोन वर्षांनी, १६५८मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझनचा योहान याकोब वेप्फर लिहील की पक्षाघात मेंदूच्या रक्तपुरवठ्यातल्या बिघाडाने होतो: कधी रक्त सांडल्याने, कधी वाट अडल्याने. आठ वर्षांनी, १६६४मध्ये, लंडनला थॉमस विलिसचं मेंदूवरचं पुस्तक निघेल. त्यातली चित्रं क्रिस्टोफर रेनने काढली. विलिस एका बाजूच्या कॅरोटिडमध्ये शाईचं पाणी सोडतो आणि ते दुसऱ्या बाजूच्या फांद्यांतही उतरतं, कारण मेंदूच्या तळाशी दोन्ही कॅरोटिड आणि मागून येणाऱ्या मणक्यातल्या धमन्या मिळून एक कडं करतात. एका मृताची उजवी कॅरोटिड पूर्ण बंद झालेली त्याला सापडली. त्या माणसाला जन्मात पक्षाघात झाला नव्हता. त्याच बाजूची मणक्यातली धमनी फुगून तिने काम अंगावर घेतलं होतं. मात्र हे कडं सर्वांमध्ये सारखं नसतं. कित्येकांत एखादा दुवा बारीक असतो, कित्येकांत नसतोच, आणि धमनी बंद पडली तर कोण वाचेल हे पुष्कळदा त्या एका दुव्यावर ठरतं.

नेस सोडा. चाळीसेक वर्षं पुढे, त्याच शहरात ब्लूमग्राख्त नावाच्या कालव्यावर या. साल १६९७. फ्रेडरिक रॉइशच्या घरी तुमच्याआधी रशियाचा झार पीटर येऊन गेला आहे.

घरात शिरताच तुम्हाला वास येईल असं वाटतं, पण येत नाही. काचेच्या बरण्यांमधले देह निजल्यासारखे दिसतात. गाल लाल, त्वचा ताजी. रॉइशची कला पिचकारीत आहे. तो वितळवलेल्या मेणात हिंगूळ खलतो, मृताच्या धमनीत गरम गरम भरतो आणि थंड होऊ देतो. हिंगूळ थेट केसाहून बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो. त्याचं नेमकं मिश्रण तो कुणाला सांगत नाही. सुरीने कापलं तर धमनी चपटी होते आणि तिच्या फांद्या हरवतात; मेण भरलं तर ती जिवंतपणी असते तशी भरलेली उभी राहते. रॉइशने अशा तऱ्हेने मेंदूचं करडं आवरण भरलं आणि सांगितलं की ते ग्रंथींचं नाही, रक्तवाहिन्यांचं बनलं आहे. त्याचं म्हणणं पूर्ण खरं नव्हतं, पण मेंदूत रक्ताचं जाळं किती दाट आहे हे इतक्या उघडपणे त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं. डोळ्याच्या आतला एक पातळ रक्ताळ पडदा पुढे बराच काळ त्याच्या नावाने ओळखला गेला. त्या पडद्याला रक्त येतं तेही इंटर्नल कॅरोटिडच्या शाखेतूनच.

फळीवरची एक बरणी बघा. लहान मुलाचं डोकं, भोवती लेस. बरण्या सजवायला त्याची मुलगी राशेल मदत करी. ती पुढे युरोपातली नावाजलेली पुष्पचित्रकार झाली. रॉइश शहरातल्या सुइणींना शिकवायचा, त्यामुळे मेलेली अर्भकं त्याच्या हाती येत. १६८३च्या एका चित्रात तो अशाच एका बाळाचं विच्छेदन करतो आहे, आणि शेजारी त्याचा लहानगा मुलगा अर्भकाचा सांगाडा धरून उभा आहे. बरण्या फार सुंदर आहेत. त्यांच्यातल्या एकाही बाळाच्या आईला कुणी काही विचारलं नसणार, ही गोष्ट त्या सौंदर्याने माझ्या मनातून जात नाही. १७१७मध्ये झार पीटरने हा सगळा संग्रह ३०,००० गिल्डर मोजून नेला. सेंट पीटर्सबर्गला त्यातलं बरंच आजही पाहायला मिळतं. रॉइश तेव्हा ऐंशीच्या घरात होता. बरण्या जहाजावर चढल्या आणि त्याने नव्या बरण्या भरायला घेतल्या.

पण मेण जिथे पोचतं तिथे नजर पोचतेच असं नाही. हाडाच्या आतला भाग पाहायचा तर लायडनला, १७४०च्या दशकात, बर्नहार्ड अल्बिनसकडे थोडं डोकवा. तो आणि चित्रकार यान वांडेलार सांगाड्यापुढे दोऱ्यांच्या चौकटी टांगून चौकोन मोजून चित्र काढताहेत, म्हणजे एकही प्रमाण चुकायला नको. मेजावरची कोरडी कवटी उचला आणि उलटी करा. मणका जिथे बसतो त्या मोठ्या भोकाच्या बाजूला, किंचित पुढे, एक गोल स्वच्छ तोंड दिसतं. हीच कॅरोटिडची गुहा. कानशिलाच्या हाडाचा हा भाग शरीरातल्या सर्वांत टणक हाडांपैकी आहे. धमनी त्यात सरळ वर शिरते आणि थोड्याच अंतरावर जवळजवळ काटकोनात आत, पुढे वळते. वळणापाशी कानाचा शंख आणि मधला कान अगदी शेजारी असतात, मध्ये पातळ पापुद्रा. काही माणसांना कानात स्वतःचेच ठोके ऐकू येतात. डॉक्टर अशा वेळी ही जागा तपासतात.

गुहेतून बाहेर पडली तरी ती मोकळी होत नाही. नाकाच्या मागे, पियुषिका ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना निळ्या रक्ताची एकेक पोकळी असते. इंटर्नल कॅरोटिड त्या पोकळीतून जाते, विहिरीच्या पाण्यातून पंपाचा पाइप जावा तशी: आत लाल रक्त वर चाललेलं, बाहेर काळसर रक्त परत निघालेलं. धमनी शिरेच्या पोटातून जाते अशी शरीरात ही एकच जागा. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस तिच्या अंगाला चिकटून असते. डोळ्याच्या इतर स्नायूंच्या आणि चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसा पोकळीच्या भिंतीत असतात. मोटारसायकलच्या अपघातात इथे धमनी फाटली तर लाल रक्त निळ्यात उसळतं, डोळा फुगून पुढे येतो आणि नाडीबरोबर धडधडतो. त्या धडधडत्या डोळ्यावरून आत काय झालं ते कळतं.

पोकळीत धमनी एस आकाराचं वळण घेते. ते वळण जिवंत माणसात पहिल्यांदा दिसलं ते लिस्बनला. १९२७मध्ये एगाश मोनिशने कॅरोटिडमध्ये क्ष-किरणांना अडवणारं औषध सोडून फोटो काढला, आणि या वळणाला त्याने सायफन म्हटलं. १९३८मध्ये फिशर नावाच्या डॉक्टरने त्या फोटोंवरून धमनीचे पाच भाग पाडले, तेही प्रवाहाच्या उलट, वरून खाली मोजत. मेंदूतली गाठ धमनीला कुठल्या बाजूला ढकलते ते पाहून गाठीची जागा ओळखायची, हा त्याचा हेतू. १९९६मध्ये बुतियेर आणि सहकाऱ्यांनी सात भाग पाडले, रक्त जसं वाहतं तसे: मान, कानशिलाचं हाड, त्यापुढची कूर्चा, निळी पोकळी, तिथून बाहेर पडतानाचा टप्पा, डोळ्याच्या शाखेचा टप्पा आणि मागच्या धमनीला जोडणारा शेवटचा टप्पा. जगभरचे न्यूरोसर्जन आज बहुतेक हीच गणती वापरतात.

डोळ्याच्या शाखेपाशी थोडं थांबा, कारण इथे तुमच्याआमच्या कामाची गोष्ट आहे. मानेतल्या फाट्यावर चरबीचा थर साचतो, त्यातला कण सुटतो आणि प्रवाहाबरोबर वर निघतो. मेंदूकडे जाताना पहिली मोठी शाखा लागते ती डोळ्याची. कण तिथे गेला तर त्या एकाच डोळ्यासमोर पडदा उतरतो आणि काही मिनिटांत उचलला जातो. दुखत नाही. माणूस डोळे चोळतो, चष्मा पुसतो आणि विसरतो. तो मोठ्या पक्षाघाताचा इशारा असू शकतो, आणि त्याच दिवशी इस्पितळात जायला हवं. उद्या चष्म्याच्या दुकानात जाऊन भागणार नाही.

आता रॉटरडॅम, साल २००३. ओमोर्ड ही साधी निवासी वस्ती. इथे १९९०पासून रहिवाशांची दीर्घ तपासणी चालू आहे. सुरुवातीला ५५ वर्षांवरचे जवळपास आठ हजार लोक आले. तुम्ही केंद्राच्या दालनात बसा. शेजारच्या आजी सायकलवरून आल्या आहेत, त्यांना काही झालेलं नाही. तरी काही वर्षांनी एकदा त्या येतात, रक्त देतात, प्रश्नांची उत्तरं देतात, आणि आज सीटी स्कॅनच्या गोल तोंडात डोकं ठेवणार आहेत. २००३ ते २००६ या काळात इथल्या सुमारे अडीच हजार लोकांचे असे स्कॅन झाले. त्यात दर दहांपैकी आठ जणांच्या इंटर्नल कॅरोटिडच्या कवटीतल्या भागात चुना साचलेला आढळला, आणि जितका चुना जास्त, तितका पुढच्या वर्षांत पक्षाघाताचा धोका जास्त. सायफनच्या वळणात बसलेला हा पांढरा कण योरिसच्या वेळी कुणी करवतीनेही पाहिला नसता. तो आजींनी स्वखुशीने दाखवला.

आणखी थोडं पुढे. २०१२, रात्रीची वेळ, रॉटरडॅमचं विद्यापीठ रुग्णालय. सत्तरीची एक बाई आणली आहे. उजवा हात आणि उजवा पाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं बंद. स्कॅनमध्ये डावी इंटर्नल कॅरोटिड अगदी वरच्या टोकाला, जिथे ती पुढच्या आणि मधल्या धमनीत फुटते, तिथे गुठळीने भरली आहे. पक्षाघाताची ही सर्वांत वाईट जागांपैकी एक. दोन्ही फाटे एकदम बंद होतात. मिनिटाला लाखो पेशी मरताहेत. नवऱ्यापुढे एक कागद आहे. गुठळी विरघळवण्याचं औषध दोन्ही पर्यायांत मिळेल, हे त्याला सांगतात. त्यापुढे जाऊन मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढायची की नाही, हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवेल, कारण त्याचा फायदा होतो की नाही हे अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. तो कागद वाचतो. प्रश्न विचारतो. सही करतो.

चिठ्ठी तारेच्या बाजूने निघाली तर तुम्ही आत जाऊ शकता. मांडीच्या धमनीतून नळी महाधमनीत, तिथून डाव्या कॅरोटिडमध्ये, फाट्यापाशी आतल्या वाटेने. पडद्यावर रंग सोडला की धमनी काळी उमटते: मानेत सरळ, हाडात काटकोन, पोकळीत सायफन. टोकाला मात्र एकाएकी संपते. डॉक्टर जाळीदार तार गुठळीच्या पार नेतात, उलगडतात, काही मिनिटं थांबतात आणि हळू ओढतात. गॅलेन, बेरेंगारिओ, विलिस, रॉइश, मोनिश यांनी चालत आणलेली वाट हे हात न बघता ओळखतात. तार बाहेर येते, तिच्यात काळपट लाल गोळा. पुन्हा रंग सोडतात. झाड फुलावं तसा मेंदू उमटतो, असं मी म्हणणार नाही. फक्त एवढंच की फांद्या परत आल्या आहेत, आणि बाईचा उजवा अंगठा हलला.

या चाचणीचं नाव एमआर क्लीन. डिसेंबर २०१० ते मार्च २०१४ या काळात नेदरलँड्समधल्या १६ रुग्णालयांत ५०० रुग्ण तीत आले. २३३ जणांच्या वाट्याला गुठळी काढण्याची चिठ्ठी आली, २६७ जणांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले. लक्षणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत हे करायचं होतं. साधारण चौथाई रुग्णांत गुठळी इंटर्नल कॅरोटिडच्या टोकाला होती. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे पहिल्या गटात ३२.६ टक्के, दुसऱ्या गटात १९.१ टक्के. त्याआधी २०१३मध्ये जाहीर झालेल्या तीन चाचण्यांमध्ये फायदा दिसला नव्हता आणि हा उपचार सोडून द्यावा असं बोललं जात होतं. २०१५च्या सुरुवातीला हा निकाल छापून आला, त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांतून तसाच निकाल आला, आणि जगभर उपचार बदलला. आज मुंबई-पुण्यात कुणाची गुठळी ओढून काढतात तेव्हा त्यामागे त्या ५०० कुटुंबांच्या सह्या आहेत. २६७ जणांना हा उपचार मिळाला नाही हेही त्यांतच आलं. त्यांना तसं आधी सांगितलं होतं, हे मला यातलं सर्वांत मोठं वाटतं.

मेजावरच्या योरिसपासून सही करणाऱ्या त्या नवऱ्यापर्यंत शास्त्र जेवढं पुढे गेलं, त्याहून अधिक या एका गोष्टीत माणूस पुढे गेला, असं माझं मत आहे. नेदरलँड्समध्ये आता विच्छेदनासाठी देह हवा तर माणसाने जिवंतपणी स्वतःच्या हाताने तसं लिहून, तारीख घालून, सही करून ठेवलेलं लागतं. कधी कधी इतके लोक पुढे येतात की काही विद्यापीठं नवी नोंदणी काही काळ थांबवतात.

आपल्याकडे १९४९चा अ‍ॅनाटमी अ‍ॅक्ट आहे. त्याने बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात, आणि कित्येक वर्षं आपले डॉक्टर त्यांवरच शिकले: रस्त्यावर, स्टेशनवर, इस्पितळाच्या कोपऱ्यात एकटे मेलेले लोक, ज्यांना कुणी विचारलं नाही आणि ज्यांच्यासाठी कुणी येणारही नव्हतं. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागात देहदानाचा अर्ज मिळतो. तुमच्या मनात असेल तर तो भरा, आणि भरलाय हे घरातल्यांना आत्ताच सांगा. मृत्यूनंतर दाखला घेऊन देह तिथे पोचवणारे तेच असतात, आणि त्यांना माहीत नसेल तर कागद कपाटातच राहतो.